घरगुती फिश टँकच्या देखभालीचा व्यवसाय : पाणी कळलं तरच कस्टमर टिकतो



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फिश टँक सर्व्हिसचा व्यवसाय पाहिला. सामान काय लागतं, नळी कशी धरायची, हे कॅमेऱ्यावर दाखवता आलं. पण पाण्याचा भाग घाईत उरकावा लागला, आणि खरं सांगायचं तर या धंद्यात पैसे मिळणार की शिव्या, हे त्याच भागावर ठरतं. म्हणून तो इथे नीट लिहितो. वही-पेन घेऊन बसा, पुढे थोडा हिशोबही आहे.

आधी गरज कुठे आहे ते बघा. टाकी विकणारा दुकानदार काच, मोटर, खडी, मासे असा सगळा सेट एका दिवसात देतो आणि त्याचं काम तिथे संपतं. घरच्यांचं काम तिथून सुरू होतं. पहिला महिना सगळे हौसेने बघतात. दुसऱ्या महिन्यात काच हिरवी होते, तिसऱ्या महिन्यात "तुम्हीच आणलीत ना, तुम्हीच धुवा" असा वाद सुरू होतो आणि सहाव्या महिन्यात टाकी गच्चीवर जाऊन तिच्यात कुंड्यांची माती भरली जाते. ज्यांना टाकी ठेवायची आहे पण वेळ नाही, ते तुमचे कस्टमर. फ्लॅटमधली कुटुंबं, डेंटिस्टचे क्लिनिक, लहान हॉटेलं, ऑफिसचं रिसेप्शन. क्लिनिकवाल्याची गरज तर फार खरी असते. वेटिंग रूममध्ये हिरवं पाणी आणि उलटा तरंगणारा मासा दिसला तर पेशंट काय विचार करेल, सांगा बरं!

आता पाण्याकडे येऊ.

टाकी "धुऊन चकाचक" करणारा माणूस मासे का मारतो

मासा जे खातो त्याची घाण पाण्यातच पडते. उरलेलं खाद्यही तिथेच सडतं. दोन्हींतून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया माशाला विष आहे. मग टाकीत मासे जगतात कसे? कारण फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर एक प्रकारचे जिवाणू वस्ती करतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असतं. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते त्या मानाने बरंच सौम्य. हे नायट्रेट साचत राहतं, म्हणून आपण ठरावीक दिवसांनी थोडं पाणी काढून नवं भरतो. देखभाल म्हणजे मुळात एवढंच.

ही वस्ती तयार व्हायला नव्या टाकीत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ असू शकतं आणि तरी अमोनिया भरलेला असू शकतो. नव्या टाकीतले मासे पहिल्या पंधरा दिवसांत मरतात, लोक म्हणतात "मासेच कमजोर दिले", दुकानदार आणखी चार मासे विकतो, तेही मरतात. माशांचा दोष नसतो, टाकीच अजून तयार झालेली नसते.

आता तुमचा नवशिका स्पर्धक काय करतो बघा. तो येतो, सगळे मासे बादलीत काढतो, सगळं पाणी ओततो, खडी नळाखाली खळखळून धुतो, स्पंज नळाखाली पिळून पांढरा करतो. टाकी नवी दिसते. ताई खूश, "अहो, किती छान केलंत!" नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि धुण्याने जिवाणूंची वस्ती गेली. दोन-तीन दिवसांत पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. फोन येतो. पुढचा फोन कधीच येत नाही.

म्हणून तुमच्या सर्व्हिसचा पहिला नियम लिहून ठेवा : एका वेळी पाणी 20 ते 30 टक्केच बदलायचं आणि स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलक्या हाताने दाबायचा. तो तपकिरीच राहणार, राहू दे. दोन स्पंज असतील तर या खेपेला एक, पुढच्या खेपेला दुसरा. कस्टमर म्हणेल, "सगळं पाणी काढा हो, पैसे दिलेत." तिथे नाही म्हणता आलं पाहिजे. व्यवसायात नाही म्हणायला शिकणं ही वेगळीच कला आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू. इथे मात्र सरळ सांगा की सगळं पाणी काढलं तर मासे राहणार नाहीत, आणि का राहणार नाहीत तेही दोन वाक्यांत समजावा. समजावून सांगणाऱ्याला लोक मान देतात.

पहिला कॉल नेहमी बिघडलेल्या टाकीचा असतो

हे नीट वाचा, कारण यात भले भले फसतात. चांगली चाललेली टाकी दाखवायला तुम्हाला कोणी बोलावत नाही. बोलावतात ते सहा महिने हात न लावलेल्या टाकीसाठी. पाणी पिवळट, खाली गाळाचा थर, तरी आत तीन गोल्डफिश मजेत फिरतायत. तुम्हाला वाटतं, निम्मं पाणी बदलून टाकू, बिचाऱ्यांना बरं वाटेल. बदलता, आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही मेलेले. सहा महिने घाणीत जगले आणि तुमच्या हातून मेले! कस्टमरच्या दृष्टीने गुन्हेगार कोण?

होतं काय, ते समजून घ्या. जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होत राहतं. पाणी बदललं नाही की हळूहळू पाण्याचा पीएच खाली जातो. पीएच कमी झाला की जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साचायला लागतो, पण कमी पीएचमध्ये तो कमी विषारी रूपात असतो, म्हणून मासे तगून राहतात. तुम्ही ताजं पाणी भरपूर ओतलं की पीएच एकदम वर जातो आणि तोच साचलेला अमोनिया विषारी रूपात येतो. पाणी कोमट असेल तर आणखीच.

मग अशा टाकीत पहिल्या दिवशी करायचं काय? आधी टेस्ट. थेंब टाकून रंग बघायचं किट मिळतं, त्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासता येतो. आकडे वहीत लिहा, फोटो काढा, कस्टमरला तिथेच दाखवा. किती मासे आहेत, कोणाचे पंख झडलेत, कोणाच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत, तेही लिहा आणि त्यांची सही किंवा व्हॉट्सॲपवर "ओके" घ्या. मग फक्त 10 टक्के पाणी बदला. एक दिवस आड पुन्हा तेवढंच. प्रत्येक वेळी टेस्ट. गाळही एकदम सगळा उपसू नका. दोन आठवड्यांत टाकी मार्गावर येते, मग नेहमीच्या 25 टक्क्यांवर या.

यात व्यवसाय कुठे आहे? ही सहा-सात खेपांची कामगिरी आहे, एका व्हिजिटच्या पैशात करायची नाही. तिला वेगळं नाव द्या, वेगळा दर ठेवा आणि आधीच सांगा. ज्याला परवडत नाही तो नाही म्हणेल, हरकत नाही. एका खेपेत जादू करून दाखवण्यापेक्षा ते काम न घेतलेलं बरं.

एका नेहमीच्या व्हिजिटमध्ये काय काय येतं

गेल्यावर आधी हीटर आणि मोटर बंद करा. हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते. बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी. टाकीपासून येणारी वायर सॉकेटच्या खाली लोंबवून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं. बऱ्याच घरांत हे केलेलं नसतं. तुम्ही न सांगता करून दिलंत तर कस्टमर लक्षात ठेवतो.

ती दहा मिनिटं काच खरवडण्यात घालवा. जुनं एटीएम कार्ड यासाठी झकास चालतं. चुंबकाचा ब्रश वापरत असाल तर त्यात खडीचा कण अडकलेला नाही ना ते बघा, नाहीतर काचेवर कायमचा ओरखडा. साबण, फिनेल, काच पुसायचा स्प्रे यांना टाकीच्या आसपासही आणायचं नाही. तुमच्या दोन बादल्या या कामाच्याच असल्या पाहिजेत. कस्टमरच्या बाथरूममधली बादली उचलली की तिच्यातला साबण टाकीत गेलाच समजा.

मग नळीने खडीतला गाळ ओढत पाणी काढायचं. नळी तोंडाने ओढू नका, हातपंपाची नळी मिळते. नवं पाणी भरताना दोन गोष्टी : क्लोरीन आणि तापमान. पाणी 24 तास उघड्या बादलीत राहिलं असेल तर क्लोरीन बराचसा उडून जातो, नाहीतर अँटी-क्लोरीनचे थेंब मापात टाका. पावसाळ्यात पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन वाढवलेलं असू शकतं, तेव्हा वासावरूनही अंदाज येतो. हात घालून बघितल्यावर दोन्ही पाणी सारखंच लागलं पाहिजे. जानेवारीत नाशिक-पुण्याकडे टाकीवरच्या टाकीचं गार पाणी तसंच ओतलं की आठवड्यात माशांच्या अंगावर मिठाचे दाणे टाकल्यासारखे ठिपके दिसू शकतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते जड असतं का, हे पहिल्याच भेटीत तपासून ठेवा. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाला की कस्टमर तुम्हाला कळवणार नाही, तुम्हीच विचारायचं.

एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल : "पाणी कमी झालं की आम्ही वरून भरतो की, मग बदलायला कशाला?" उत्तर सोपं आहे. आमटी आटली की मीठ उडून जातं का? पाण्याची वाफ होते, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात, आणि वरून भरलेल्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात. काढल्याशिवाय ते जात नाहीत.

शेवटी मोटर सुरू करून फिल्टरचं पाणी वाहायला लागलेलं डोळ्यांनी बघायचं आणि मगच निघायचं. आकडे वहीत, फोटो कस्टमरला.

एका घरातून दुसऱ्या घरात रोग नेणारे तुम्हीच

हे कोणी बोलत नाही. तुमची जाळी, नळी, ओले हात, हे सगळं सकाळी एका टाकीत आणि दुपारी दुसऱ्या टाकीत जातं. पहिल्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल तर संध्याकाळपर्यंत तुम्ही तो तीन घरांत पोचवलेला असतो. म्हणून जाळी शक्यतो प्रत्येक घराची वेगळी आणि त्याच घरी ठेवलेली. नळी आणि खरवडणी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुढे. आजारी टाकीची व्हिजिट दिवसाच्या शेवटी ठेवा. दुकानात मिळणारं निळं औषध थेट मुख्य टाकीत ओतू नका, ते फिल्टरच्या जिवाणूंनाही बाधतं. आजारी मासा वेगळ्या टबमध्ये एअर पंप लावून ठेवायचा आणि औषध तिथे.

दर फुटावर लावू नका, लिटरवर लावा

आता हिशोब. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर पाणी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे 2 घनफूट, साधारण 57 लिटर. तिचं 25 टक्के म्हणजे 14 लिटर. एक बादली. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टाकी किती? 6.75 घनफूट, म्हणजे 191 लिटर. तिचं 25 टक्के 48 लिटर, तीन बादल्या. चार फूट, दीड आणि दोन असेल तर 12 घनफूट, 340 लिटर, पाच-सहा बादल्या. लांबी दुप्पट झाली, पाणी सहापट. "दोन फुटाला तीनशे तर चार फुटाला सहाशे" असा दर लावणाऱ्याची कंबर आधी जाते आणि मग धंदा.

पुढचे रुपये समजा म्हणून घेतलेत, तुमच्या शहरातला दर दोन-तीन ठिकाणी विचारून तुम्ही ठरवा. समजा तुमच्याकडे 20 कस्टमर आहेत, प्रत्येकाकडे महिन्यात दोन व्हिजिट, सरासरी 400 रुपये. झाल्या 40 व्हिजिट, 16,000 रुपये. पेट्रोल, औषधं, टेस्ट किट यांचे 4,000 वजा करा, हातात 12,000. नोकरी सोडायला हे पुरेसं नाही, शनिवार-रविवार आणि संध्याकाळी करायला उत्तम आहे.

आता यात एक गळती असते. "मासा वर आलाय, जरा बघून जा ना" असे फुकटचे फोन. महिन्यात असे 8 फेरे झाले की त्याच 16,000 रुपयांत तुम्ही 48 व्हिजिट केल्या, म्हणजे प्रत्येकी 333 रुपये. दर न बदलता तुमचा दर उतरला. हे फोन का येतात? बहुतेक वेळा जास्त खाद्यामुळे. सकाळी आजोबा टाकतात, दुपारी नातू टाकतो, संध्याकाळी आईला वाटतं आज कोणी टाकलंच नाही. मासा माणूस दिसला की काचेपाशी येतो, म्हणून सगळ्यांना तो उपाशी वाटतो. यावर माझा आवडता उपाय अगदी स्वस्त आहे : औषधांच्या गोळ्यांची सात खणांची डबी. दर आठवड्याचं मोजलेलं खाद्य, म्हणजे मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच, त्यात भरून द्या. खण रिकामा म्हणजे आजचं झालं. मोठा खाद्याचा डबा कपाटात वर. व्हिजिटच्या दिवशी डबी भरून देणं हा तुमच्या सर्व्हिसचा भागच करा.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत कस्टमर गावी जातो. निरोगी मोठे मासे तीन-चार दिवस खाद्याशिवाय आरामात राहतात, हे प्रामाणिकपणे सांगा. त्याहून जास्त दिवस असतील तर सुट्टीतली फेरी पैसे घेऊन द्या. शेजाऱ्याला डबा देऊन जायला मात्र ठाम विरोध करा, शेजारी प्रेमाने मूठभर टाकतो.

लाइट जाण्याचीही सोय बघून ठेवा. मोटर बंद पडली की पाण्यात ऑक्सिजन कमी होतो, आणि मासे जास्त असतील तर काही तासांत दम लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप प्रत्येक कस्टमरकडे असावा. नसेल तर मग्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहायचं, हे घरच्यांना एकदा करून दाखवा.

मासा मेला तर कोण जबाबदार?

हे आधी लिहून द्या, नंतर भांडू नका. माशाच्या आयुष्याची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. पाण्याची देऊ शकता. तुमच्या कागदावर असं असू द्या : प्रत्येक व्हिजिटनंतर अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 40 पीपीएमच्या आत, तापमान 24 ते 28 अंश. व्हिजिटच्या वेळी हे आकडे बसले नाहीत तर पुढची खेप फुकट. नवी आणि बिघडलेली टाकी मार्गावर येईपर्यंत ही हमी लागू नाही, हेही लिहा. गोल्डफिशला थोडं गार पाणी मानवतं, त्यांच्या टाकीसाठी तापमानाचा आकडा वेगळा. आणि कस्टमरने मधल्या काळात न विचारता नवे मासे आणून टाकले तर जबाबदारी त्यांची.

काही घरांत टाकी वास्तूसाठी असते, अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न. मासा गेला की "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं" असं म्हणतात. त्या श्रद्धेची टिंगल करू नका, आणि तिच्याआड लपूही नका. पहिल्या वेळी ते तसं म्हणतील, दुसऱ्या वेळी तुमचा नंबर डिलीट करतील.

मासे विकायचे का? मला बरेच जण विचारतात, कारण मुंबईत कुर्ल्याच्या मार्केटमधून घाऊक आणले तर मार्जिन दिसतं. माझं मत : पहिलं वर्ष विकू नका. विकणारा माणूस टाकीत दोन मासे जास्त घालतो, आणि जास्त माशांच्या टाकीची देखभाल त्यालाच करावी लागते. कस्टमरला नको झालेला मासा मात्र दुकानात परत लावून देण्याची सोय करा. नदीत, तलावात सोडायचा नाही, कस्टमरलाही सोडू द्यायचा नाही. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच सोडला जाऊन आपल्या नद्या-तलावांत पसरलाय आणि मच्छीमारांची जाळी फाडतोय.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कोणाला पैसे देऊ नका. सर्व्हिसची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

या आठवड्याचा होमवर्क : दोन फुटी टाकी स्वतःच्या घरी लावा. पहिले मासे दोनच, लहान आणि काटक. रोज एकाच वेळी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासा आणि तारखेसह वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग दोन्ही खाली येऊन नायट्रेट दिसायला लागेल. अमोनिया किंवा नायट्राइट चढलं की थोडं पाणी बदलायचं आणि तेही लिहायचं. हे सगळं व्हायला सहा आठवडे लागू शकतात. तोपर्यंत एकही कस्टमर घेऊ नका. पुढे क्लिनिकमध्ये डॉक्टरांना भेटायला जाल तेव्हा हीच वही सोबत न्या. व्हिजिटिंग कार्ड नसलं तरी चालेल.